चित्राला अडत्या कशाला?

होम थिएटरचा रिसीव्हर साधारण दहा किलोचा असतो. त्यातले साडेनऊ किलो म्हणजे ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅम्प्लिफायर आणि उष्णता बाहेर टाकणारी अ‍ॅल्युमिनियमची पाती. ही मंडळी पंधरा वर्षं कुरकुर न करता राबतात. उरलेला अर्धा किलो म्हणजे पाठीमागची एचडीएमआयची पाटी. ती तीन-चार वर्षांत म्हातारी होते. खोक्यावर जाहिरात असते ती याच अर्ध्या किलोची, आणि धडधाकट साडेनऊ किलो भंगारात घालायला लावते तीही हीच.

हे मुंबई-पुण्याचं दुखणं आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने दिवाळीनंतर गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी नाहीतर अर्जुनी मोरगावच्या एखाद्या बैठकीच्या खोलीत डोकावावं. धानाचे चुकारे खात्यात पडले की घरातला टीव्ही मोठा होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हापासून ४३ इंचवाल्याला ५५ ची आणि ५५ वाल्याला ६५ ची स्वप्नं पडू लागली आहेत. टीव्हीपाठोपाठ पोट्ट्याच्या हट्टाने प्लेस्टेशन येतं. मग घरच्या कर्त्याच्या लक्षात येतं की चित्र भिंतभर झालं, पण आवाज कुठे आहे? टीव्ही पातळ होता होता स्पीकरला जागाच उरली नाही. बिचारा जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून बोलतो.

मग गोंदियापासून रेल्वेने १३० किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं, सीताबर्डीवर चढायचं आणि रिसीव्हर नावाच्या काळ्या पेटीसमोर उभं राहायचं. विक्रेत्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सेठ, एट-के पायजे का साधा?" आता 'साधा' या शब्दानंतर कोणता सेठ मान खाली घालून 'साधाच द्या' म्हणेल?

तर राजेहो, आमचं म्हणणं एवढंच आहे की साधाच घ्या. का, ते ऐका.

रिसीव्हरची मूळ कामं दोन. आलेला आवाज उलगडून कोणत्या स्पीकरला काय द्यायचं ते ठरवणं, आणि त्या स्पीकरांना ताकद पुरवणं. चित्राशी त्याचा संबंध निव्वळ दलालीचा. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचं पहिलं मानक आलं आणि चित्र व आवाज एकाच तारेतून जाऊ लागले. तेव्हा टीव्हीला भोकं एक-दोनच, आणि टीव्हीत गेलेला आवाज परत बाहेर आणायला त्या तारेत वाट नव्हती. म्हणून सगळा माल आधी रिसीव्हरकडे न्यायचा. आवाज त्याने ठेवून घ्यायचा, चित्र पुढे टीव्हीकडे रवाना करायचं. थेट बाजार समितीतला अडत्या. माल शेतकऱ्याचा, घेणारा राइस मिलवाला, पण पोती उतरणार अडत्याच्याच ओट्यावर. ओटा अरुंद असेल तर माल तिथेच अडणार.

आता या ओट्याच्या रुंदीची गंमत बघा. २०१३ चं एचडीएमआय २.० सेकंदाला १८ गिगाबिट वाहून न्यायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये २.१ आलं आणि ती मर्यादा ४८ गिगाबिट झाली. ही रुंदी कुणासाठी? चित्रासाठी. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. ते सेकंदाला १२० वेळा, दहा-बिट रंगात, काटछाट न करता पाठवायचे तर साधारण ४० गिगाबिटचा मामला होतो. आणि रिसीव्हरचा खरा माल जो आवाज, त्याला किती लागतं? टीव्हीकडून आवाज परत आणणाऱ्या ईएआरसी या सोयीची क्षमता ३७ मेगाबिट आहे. त्यात डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी यांसारखे, आवाजाचा कणही न गमावणारे प्रकार ऐसपैस मावतात. ४८ हजार मेगाबिट एकीकडे, ३७ दुसरीकडे. म्हणजे रिसीव्हरच्या स्वतःच्या गरजेच्या जवळजवळ तेराशे पट रुंद ओट्याचं भाडं आपण भरतो, तेही दुसऱ्याचा माल पुढे सरकवायला.

बरं, भाडं भरून माल तरी पुढे जातो का? २०२० सालची गोष्ट आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स नोव्हेंबरात बाजारात येणार, म्हणून डेनॉन, मरँट्झ, यामाहा या नामवंतांनी '८के' ची पट्टी मिरवणारे रिसीव्हर आधीच दुकानात मांडले. 'भविष्यासाठी सज्ज', एकूण सूर असा. त्याच ऑक्टोबरात 'सी-टी' या जर्मन नियतकालिकाने दाखवून दिलं की या रिसीव्हरांतल्या एचडीएमआय चिपमध्येच खोट आहे. एक्सबॉक्सचं ४के १२० हर्ट्झचं चित्र त्यातून पाठवलं की पडदा काळा. भविष्य आलं, तेव्हा सज्ज असलेला गडी झोपलेला होता. पुढे डेनॉन-मरँट्झच्या मालक कंपनीने ग्राहकांना मोफत एक जोडडबी दिली, ती रिसीव्हर आणि कन्सोल यांच्यामध्ये लावायची. यामाहाने आतली पाटीच बदलून देण्याचा मार्ग धरला. म्हणजे अडत्याच्या अलीकडे आणखी एक अडत्या, नाहीतर अडत्याचा ओटा खणून पुन्हा बांधणे. ज्यांनी कन्सोलची तार सरळ टीव्हीत खुपसली होती, ते या सगळ्या काळात निवांत खेळत होते.

खोक्यावरच्या शब्दांचंही ऐका. डिसेंबर २०२१ मध्ये एक गोष्ट चव्हाट्यावर आली, आणि एचडीएमआयचा परवाना देणाऱ्या संस्थेनेच तिच्यावर शिक्कामोर्तब केलं : २.० हे मानक आता वेगळं उरलेलं नाही, ते २.१ च्या पोटात गेलं आहे, आणि २.१ ची नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. साध्या मराठीत, १२० हर्ट्झ नाही, ४८ गिगाबिट नाही, बदलता रिफ्रेश रेट नाही, तरीही भोकाच्या वर '२.१' लिहायला नियमाने हरकत नाही. काय काय येतं ते बारीक अक्षरात सांगितलं म्हणजे झालं. ८के चंही तसंच. काही रिसीव्हरांचा '८के' ४० गिगाबिटचा, काहींचा २४ चा. पट्टी दोघांवर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि ८के चं पाहायचं तरी काय? प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर सुरुवातीला ८के चा ठसा होता. २०२४ मध्ये नव्या खोक्यांवरून तो गाजावाजा न करता उतरला. कन्सोलने शब्द मागे घेतला, रिसीव्हर मात्र अजून त्याच्या वतीने हमी देत उभा आहे.

१२० हर्ट्झचंही फार मनावर घेऊ नका. कन्सोलवरचे बहुतेक खेळ सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांवरच चालतात. १२० ची सोय देणारे खेळ आहेत, पण त्यातले बरेच त्यासाठी चित्राचा तपशील कमी करतात. खरोखर उपयोगाचं आहे ते व्हीआरआर. खेळाचा वेग खाली-वर झाला की टीव्ही आपला वेग त्याच्याशी जुळवून घेतो आणि चित्र फाटत नाही. प्लेस्टेशन ५ भारतात आलं २ फेब्रुवारी २०२१ ला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. त्यात व्हीआरआर आलं एप्रिल २०२२ मध्ये. डॉल्बी अ‍ॅटमॉस यायला सप्टेंबर २०२३ उजाडला. कन्सोलची किंमत एकरकमी, गुण मात्र हप्त्याने. उरलं एएलएलएम. कन्सोल सुरू झाला की टीव्ही आपोआप 'गेम मोड'मध्ये जातो. छान सोय आहे. रिमोटचं एक बटण दाबायचे श्रम वाचतात.

मग करायचं काय? तार बदला. कन्सोल थेट टीव्हीला जोडा. चित्र तिथेच राहू द्या. टीव्हीच्या ज्या भोकावर 'ईएआरसी' लिहिलंय, तिथून एक तार रिसीव्हरकडे न्या. आवाज त्या वाटेने परत येईल. या मांडणीत रिसीव्हरला फक्त ईएआरसी हवं. त्याचा चित्राचा ओटा १८ चा आहे की ४८ चा, याने काडीचा फरक पडत नाही. नवं मानक आलं तर टीव्ही बदलेल, कन्सोल बदलेल. दहा किलोची पेटी जागची हलणार नाही. शोरूममध्ये मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत पडलेलं असेल आणि त्याला ईएआरसी असेल, तर तेच उचला. वाचलेल्या पैशाचं काय करायचं ते पुढे सांगतो.

आता प्रामाणिक दुकानदारासारखे अपवादही सांगून टाकतो. पहिला : ईएआरसी आणि जुनं एआरसी यात नुसता एका अक्षराचा नव्हे, फार मोठा फरक आहे. २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलेलं एआरसी सुमारे एक मेगाबिटचं. त्यातून ओटीटीवरच्या सिनेमाचा दाबून लहान केलेला डॉल्बी आवाज, अ‍ॅटमॉससकट, येऊ शकतो. पण कन्सोलचा न दाबलेला बहुवाहिनी आवाज त्यात मावत नाही. निन्टेन्डो स्विच तर ५.१ आवाज न दाबताच पाठवतो. साध्या एआरसीवर तो बहुधा दोन वाहिन्यांचा होऊन बाहेर पडतो आणि मागचे स्पीकर गप्प बसतात. टीव्ही २०१९ पूर्वीचा असेल तर हे आधी तपासा.

दुसरा : काही टीव्हींना, अगदी महागड्यांनाही, पूर्ण क्षमतेची भोकं दोनच असतात आणि त्यातलंच एक ईएआरसीचं असतं. तिथे रिसीव्हर बसला की उरलं एक. घरात प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्ही नांदत असतील, म्हणजे पोट्टे दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही, तर दुसऱ्या कन्सोलसाठी रिसीव्हरमधून चित्र न्यावं लागेल. तेव्हा ४० गिगाबिटचा रिसीव्हर घेण्याला अर्थ आहे. किंवा भोकं चारही पूर्ण क्षमतेची असलेला टीव्ही घ्या. किंवा पोट्ट्यांचं पटवून द्या. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड.

तिसरा : टीव्हीची भाषा. सगळ्या टीव्ही कंपन्या सगळे आवाज पुढे पाठवत नाहीत. सॅमसंगने २०१८ पासून आपल्या टीव्हीतून डीटीएसचा आधार काढला. एलजीने २०२० मध्ये काढला आणि २०२३ मध्ये काही मॉडेलांत परत आणला. खेळणाऱ्याला याने फरक पडत नाही, पण डिस्कवरचे सिनेमे जमवणाऱ्याने डिस्क प्लेअर रिसीव्हरलाच जोडावा. चित्र ४के ६० च्या आतलं, त्याला १८ चा ओटाही पुरतो.

चौथी कटकट अपवाद नाही, नियम आहे. टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त व्हावा यासाठी सीईसी नावाची सोय लागते. ती सेटिंगमध्ये 'सीईसी' या नावाने शोधाल तर बहुधा सापडणार नाही. सॅमसंग तिला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतो, एलजी सिमलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिक व्हिएरा लिंक. एकाच पोराला चार आजोळांनी चार नावं ठेवायची आणि शाळेच्या दाखल्यावर पाचवंच, तसला प्रकार.

चला, चित्र मार्गी लागलं. आता वॅट.

ज्यांनी नव्वदच्या दशकात टू-इन-वन घेतला त्यांना 'पीएमपीओ' आठवत असेल. तळहाताएवढे दोन स्पीकर आणि त्यावर लिहिलेलं हजार वॅट. त्या मोजमापाला कोणतंही मान्य मानक नव्हतं, छापखाना हीच प्रयोगशाळा होती. आजच्या कंपन्या इतक्या निलाजऱ्या नाहीत. त्या सुशिक्षितपणे तेच करतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१५० वॅट प्रति चॅनेल'. खाली बारीक अक्षरांत : ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनेल चालू. अर्थ असा की सातपैकी सहा स्पीकर बंद ठेवले, एकच सूर वाजवला आणि तोही फाटेपर्यंत ताणला, तर १५० वॅट. खरा आकडा हवा असेल तर ही ओळ शोधा : ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्क्यांच्या आसपास विकृती, दोन चॅनेल चालू. तिथे बहुधा ७०, ८० किंवा ९० सापडतं. तोच आकडा घरी न्यायचा.

गंमत हवी असेल तर रिसीव्हर उलटा करून मागची वीजवापराची पट्टी वाचा. समजा तिथे ५०० वॅट लिहिलंय आणि पुढच्या बाजूला सात गुणिले १५०, म्हणजे १,०५० वॅट. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पाला कोळसा जाळल्याशिवाय एक युनिट काढता आलेलं नाही, आणि ही पेटी ५०० घेऊन १,०५० देते! मागची पट्टी सरासरी वापर सांगते, क्षणभर जास्त ताकद देता येते, हे सगळं खरं. पण सातही स्पीकर एकदम ओरडले की १५० चे किती उरतात, ते ही पट्टी डोळे मिचकावून सांगून जाते.

घाबरू नका, कमी वॅटने काही बिघडत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. जेमतेम जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद दसपट लागते. म्हणून ८० वॅटवरून १०० वॅटवर जायला जो जास्त पैसा मोजतो, तो आवाज विकत घेत नाही, आकडा विकत घेतो. एक वॅटला ८४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० देणारा घेतला, तर तेवढ्याच रिसीव्हरवर चौपट वॅटचं काम होतं.

यापुढचा विषय खोलीचा, आणि इथे जपानी अभियंत्यांचा आमच्या जिल्ह्याशी परिचय कमी पडतो.

डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये सिनेमागृहात आणि २०१४ मध्ये घरात आलं. पाऊस डोक्यावरून पडल्यासारखा वाटावा, हेलिकॉप्टर वरून जावं, ही त्याची करामत. छताला स्पीकर लावायचे नसतील तर वर तोंड करून बसणारे स्पीकर मिळतात. त्यांचा आवाज छतावर आदळून खाली येतो. अट एकच : छत सपाट आणि कडक हवं. आता कवेलूच्या उतरत्या घरात हा स्पीकर ठेवला तर हेलिकॉप्टर शेजाऱ्याच्या अंगणात उतरणार. टिनाखाली ठेवला तर पत्राच सिनेमात काम करणार. स्लॅबचं घर असेल तरच हा खर्च करा, आणि तेव्हाही छताचा पंखा त्या वाटेत येत नाही ना ते बघा. पावसाचा अस्सल अनुभव कवेलूवाल्याला जुलैत तसाही मिळतो, वरून थेंबांसकट.

मग उन्हाळा येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. ज्याने विदर्भातला कूलर ऐकला नाही त्याला सांगतो, तो चालू असताना नवरा-बायकोचं भांडणसुद्धा हातवाऱ्यांनी होतं. त्या घरघराटापुढे ट्रूएचडी काय आणि साधा डॉल्बी काय. आवाजातले बारकावे ऐकायला लाख रुपये घालायचे आणि समोर हा राक्षस चालू ठेवायचा. ज्याला खरोखर आवाज सुधारायचा आहे त्याने रिसीव्हर पुढच्या दर्जाचा घेण्याआधी कूलर खोलीबाहेर काढावा. जमलं तर एसी घ्यावा. त्याचाही जीएसटी त्याच दिवशी २८ वरून १८ वर आला. आवाज सुधारण्याचा हा उपाय कोणत्याही ध्वनितज्ज्ञाच्या पुस्तकात नसेल. त्याला गोंदियाचा मे माहीत नाही.

रिसीव्हरलाही घाम येतो. आपल्याकडे त्याला काचेच्या शोकेसमध्ये बंद करून वर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी ठेवायची प्रथा आहे. त्याच्या आतली अ‍ॅल्युमिनियमची पाती उष्णता बाहेर टाकायला असतात. वर वीतभर मोकळी जागा सोडा, काच उघडी ठेवा. आणि उन्हाळी धानाला रात्री मोटारी सुरू झाल्या की ज्या गावात दिवे मिणमिणतात, तिथे चांगल्या स्टॅबिलायझरशिवाय ही पेटी लावू नका. परदेशातल्या भाच्याला 'तिकडे स्वस्त मिळतो म्हणे' असं सांगणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं : अमेरिकेतला रिसीव्हर १२० व्होल्टचा, जपानमधला १०० चा, आणि आपली भिंत २३० ची. भाचा विमानाने दहा किलो आणेल. तुम्ही ते सॉकेटला लावाल. पुढचा धूर अ‍ॅटमॉसमध्ये नसतो.

आता वाचलेल्या पैशाचं.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या माणसाला आवाज कळत नाही असं म्हणणाऱ्याने मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या हंगामात इथल्या एखाद्या नाटकाच्या मंडपात रात्र काढावी. दिवाळीनंतर सुरू होणारी ही नाटकं रात्री उशिरा उभी राहतात आणि पहाटेपर्यंत चालतात. शेकडो माणसं, पाहुणेरावळे, अंगावर घोंगडी, मांडीवर पोरं. याच रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या मंडपात शेवटच्या रांगेतल्या आजीबाईला खलनायकाचा स्फोट ऐकू आला नाही तर चालतं. नायिकेचा संवाद हुकला तर मात्र, "काऊन बा, माईक मेला का?" अशी हाक उठते. मंडपातल्या या प्रेक्षकाला जे कळतं, तेच तो सीताबर्डीवर पोचताना विसरतो आणि सर्वांत आधी सबवूफर दाबून बघतो. छातीत धडधडलं की म्हणतो, "हा दे!"

सिनेमातले बहुतेक संवाद एकाच स्पीकरमधून येतात, टीव्हीखालच्या मधल्या सेंटर स्पीकरमधून. म्हणून रिसीव्हरवर वाचलेला पैसा आधी त्याच्यावर घाला, मग डाव्या-उजव्यावर, मग मागच्या दोघांवर. सबवूफर शेवटी. रात्री १० नंतर निवासी भागात ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. घराबाहेर जाणारा आवाज बहुधा सबवूफरचाच असतो, कारण जाड सूर भिंतीला जुमानत नाहीत. तुमच्या गेममधला बॉम्ब शेजारच्या आजोबांच्या खाटेखाली फुटतो आणि सकाळी पोलीस पाटील चहाला येतात.

ज्याच्या खोलीत पाच स्पीकरांच्या तारा ओढायला जागा नाही, त्याने ईएआरसी असलेला चांगला साउंडबार घ्यावा आणि रिसीव्हरचा नाद सोडावा. यात कमीपणा काही नाही. मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या पाठीशी चिकटवून, तिसरा फ्रिजवर ठेवून '७.१' म्हणणाऱ्यापेक्षा समोरचा एक सरळ दांडा बरा.

तेव्हा दुकानात विचारायचे प्रश्न चारच. ईएआरसी आहे का? दोन चॅनेल चालू असताना ८ ओहमवर किती वॅट? दुरुस्ती नागपुरात होते की पेटी मुंबईला जाते? आणि बरोबर माईक देऊन खोलीप्रमाणे आवाज जुळवून देणारी सोय आहे का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आमच्या खोल्यांत एका बाजूला लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला देव्हारा आणि मधे झुला असतो. तो माईक खोलीत फिरवून पेटी स्वतःच अंतरं आणि पातळ्या ठरवते. पाचवा प्रश्न विचारायचा मोह होईल, 'पुढे काय येणार?' तो टाळा.

कारण पुढचं येऊनही गेलंय. जानेवारी २०२५ मध्ये एचडीएमआय २.२ जाहीर झालं आणि जूनमध्ये त्याचं मानक प्रसिद्ध झालं. ओटा आता ९६ गिगाबिटचा. ज्याने २०२० मध्ये भविष्य म्हणून ४८ चं नाव विकत घेतलं, तो आता भूतकाळाचा मालक आहे. लवकरच त्याला नवी पाटी, नवं खोकं आणि 'ही सोय पुढच्या अपडेटमध्ये उपलब्ध होईल' असं तळटिपेतलं वचन मिळेल. ज्याने रिसीव्हरमध्ये चित्र कधी घातलंच नाही, त्याने ही बातमी खुशाल सोडून पान उलटावं. पुढच्या पानावर धानाच्या बोनसची बातमी असेल. पुढच्या अपडेटची वाट पाहण्याचा अनुभव घ्यायचाच असेल, तर तिथे तो फुकट मिळतो.